अकरावा संघ

"नाही क्लाईव्ह, यंदा मी सही करत नाही," म्हणत ग्लेन टॅव्हिसने करारपत्र टेबलावरून परत सरकवलं.

क्लाईव्ह डॉस्वेल हा वॉरिंगाच्या बास्केटबॉल क्लबचा अध्यक्ष. घरी तीनशे दुभत्या गाई. क्लबच्या बैठकीलाही तो गमबूट घालूनच येई. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आमचं काही चुकलं का?"

"छे. छत्तिसावं संपलं मला. जिना चढताना गुडघे वाजतात. घरातल्यांना आधी गुडघे ऐकू येतात, मग मी दिसतो."

"गेल्या शनिवारी अकरा गुण काढलेस की."

"समोरच्याला माझी दया आली असेल."

दोघंही हसले. पण क्लाईव्हचं हसणं लवकर आटोपलं.

चौदा वर्षं ग्लेन पगारी खेळाडू होता आणि हा त्याचा अकरावा संघ. त्याच्याहून उंच, त्याच्याहून चपळ कितीतरी जण घरी बसले, पण ग्लेनला दरवर्षी कुठून तरी फोन येई. क्वीन्सलंडच्या गुरांच्या मुलखातून, टास्मानियाच्या कुरणांतून, एकदा तर थेट न्यूझीलंडहून. एका गावाचा करार संपत आला की दुसरं गाव आणखी मोठं घर आणि आणखी चांगली गाडी देऊ करी. मोठ्या शहरातल्या संघांनी मात्र त्याला कधी विचारलं नाही. त्याचं त्याला थोडं वाईट वाटे. पण गावाकडची माणसं जीव लावत. त्याच्या हातून सोपा चेंडू सुटून सामना हरला तरी कुणी बोल लावत नसे. उलट बाहेर गाठून हातात खिमा भरलेलं गरम पॅटिस ठेवत आणि हमखास विचारत, "रोवीना बरी आहे ना? रमलीय ना इथे?"

रोवीना त्याची बायको. गुरांची डॉक्टर. प्रत्येक गावी नव्याने जम बसवायचा आणि बसला की ग्लेनच्या खेळापायी सामान बांधायचं, हे तिने दहा वेळा केलं होतं. तेही शिट्टी वाजवत.

"खरं सांगू?" ग्लेन म्हणाला. "हे मी रोवीनासाठी करतोय. माझ्यामागून चौदा वर्षं फरफटली बिचारी. आता मेलबर्नला जायचं. तिथे कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढेल, जरा सुखाने राहील."

"तिला विचारलंस?"

"विचारायचं काय? आज संध्याकाळी सांगणार आहे. खूश होईल."

"म्हणजे तीही जाणार?"

"मग काय, तिला इथे ठेवून जाऊ?"

क्लाईव्ह उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. एवढा धिप्पाड माणूस, पण चेहरा पार उतरला होता.

"महिन्यावर गाईंची वीण आलीय, ग्लेन."

"त्याचा इथे काय संबंध?"

"बस जरा. तिला वचन दिलं होतं, पण आता माझा नाइलाज आहे." क्लाईव्हने कपाट उघडून एक फाईल काढली. आत ग्लेनच्याच करारामागे दुसरा एक कागद जोडलेला होता. वॉरिंगाच्या दूध उत्पादकांना लिहिलेलं पत्र, तीन वर्षांपूर्वीचं. अक्षर ग्लेनने लगेच ओळखलं.

"आपण देऊ केलेली गुरांच्या डॉक्टरची जागा मला मान्य आहे," रोवीनाने लिहिलं होतं. "मात्र आधीच्या गावांना घातलेलीच अट आपल्यालाही: माझ्या नवऱ्याला संघात घ्यावं, दर सामन्यात निदान दहा मिनिटं खेळवावं आणि यातलं एक अक्षरही त्याला कळू नये."