आतून मारलेली हाक

यंत्र थांबलं तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती.

सुनेत्राने थोडी वाट पाहिली. मग कागद वर ओढून पाहिला. तिने स्वतः टाइप केलेली शेवटची ओळ, आणि त्याखाली कोरं. लोणावळ्याच्या या दोन खोल्यांच्या कचेरीत होतं ते नुसतं टाइपरायटरसारखं यंत्र. खरा कॉम्प्युटर मुंबईत. मधे टेलिफोन. रिसीव्हर रबराच्या दोन वाट्यांत पालथा ठेवला, की इथं टाइप केलेलं तिथं पोचायचं. कचेरीत फोन तेवढा एकच. तो उचलून मुंबईला विचारायचं म्हटलं, तर विचारण्याआधीच लाइन तुटणार. तुटली की पुन्हा ट्रंककॉल, म्हणजे दोन तासांची निश्चिंती. अडकली म्हणजे पुरतीच अडकली होती बिचारी.

धरणात घरं गेलेल्या चारशे बारा कुटुंबांची नावं तिने अकरा दिवस खपून मुंबईला चढवली होती. आज शेवटचा दिवस. पाचच्या आत ज्याचं नाव यादीत नाही, त्याला बदली जमीन नाही, असा हुकूम होता. हुकूम ऐकवून दीनानाथसाहेब सकाळीच पुण्याला मीटिंगला निघून गेले होते.

"बाई, निगाला का माजा नंबर?"

दाराशी बायडाबाई. तिकोणा पेठेच्या वरच्या वाडीतली. आधीच्या दोन्ही याद्यांत तिचं नाव राहून गेलं होतं. या खेपेला नंबर कळल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"निघेल मावशी. बसा."

"सकाळधरनं बसलीच हाय की."

सुनेत्रा पुन्हा यंत्राकडे वळली. लिहिण्याचा प्रोग्रॅम चालू असतानाच, त्यातून बाहेर न पडता, दुसऱ्या प्रोग्रॅमला हाक मारता येते, हे तिला मुंबईच्या श्रीपादने महिन्यापूर्वी येऊन शिकवलं होतं. ओळीच्या सुरुवातीला एक उद्गारचिन्ह द्यायचं आणि पुढे हुकूम सोडायचा. "तो बाहेर जाऊन काम करून येईल. काय बोलला ते परत आल्यावरच कागदावर उमटेल. तोवर तुम्ही स्वस्थ बसायचं," असं तो म्हणाला होता. बसल्या जागेवरून हुकूम सोडायची ही सोय सुनेत्राला भारी आवडली होती.

आज, नंबर पाडायचे म्हणून, तिने नावं अक्षरवार लावणाऱ्या प्रोग्रॅमला मघाशी अशीच हाक मारली होती. नावं घ्यायची कुठून, तर यादीतून. लावून ठेवायची कुठं, तर यादीतच. पाठकोऱ्या कागदांवर गणितं करत शिकलेली मुलगी ती, मुंबईच्या कॉम्प्युटरमधली नवी जागा उगाच कशाला अडवील?

आणि गेलेला तो परत येईना.

पाचला दहा कमी झाले. तिने दोन-चार कळा दाबून पाहिल्या, तर यंत्र ढिम्म. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचा रागही.

"काय झालं वो?" बायडाबाईने विचारलं.

"एकाला कामाला धाडलंय. तो येतही नाही, आणि तो आल्याशिवाय मला काही करताही येत नाही."

बायडाबाईला यात काहीच अवघड वाटलं नाही. "माजं असंच झालतं मागल्या टायमाला. कचेरीच्या पायरीवर तीन दिस बसली. सायेब बोलवंल म्हून मी भायेर, अन् ही बाय अंगठा द्याया कदी येती म्हून सायेब आत. त्याला अंगठा पायजे, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई."

सुनेत्राचे हात थांबले.

हाही काही विचारून थांबला असेल. त्याचा प्रश्न तो परत आल्याशिवाय इथं छापला जाणार नाही. आणि ती उत्तर दिल्याशिवाय तो परत येणार नाही.

पाचला चार मिनिटं. काय विचारलं असेल? पुढे जाऊ ना, असंच काहीतरी. यंत्र ते, आणखी काय विचारणार? उत्तर हो किंवा नाही, एवढंच; मघाच्या वेड्यावाकड्या कळा त्याने उत्तरात धरल्याच नसतील. नाही म्हणायला छाती लागते, ती सुनेत्राकडे साहेब समोर असतानाही नसायची. तिने 'हो'चं एक अक्षर दाबलं.

यंत्र धडधडलं.

"आला!" ती ओरडलीच. तिच्या आनंदाने बायडाबाईही हसली आणि उठून खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

कागदावर आधी त्याचा प्रश्न उमटला. मग सुनेत्राचं उत्तर. मग झालेलं काम. सगळं इंग्रजीत, मोठ्या ठळक अक्षरांत.

या नावाची यादी आधीपासून आहे. पुसून टाकू?

हो.

यादी पुसली. अक्षरवार लावलेली नावं: ०.

सुनेत्राने ते तीनदा वाचलं. घड्याळाकडे पाहण्यात आता काही अर्थ नव्हता, तरी तिने पाहिलं.

"काय म्हनतंय?" बायडाबाई म्हणाली. "ह्यो गोल आकडा माजा का?"

थाप मारायलाही सुनेत्राला सुचलं नाही. "सगळी नावं गेली, मावशी. तुमचंही गेलं. त्याने विचारलं होतं आधी. पण काय विचारलं ते मी हो म्हटल्यावर वाचायला मिळालं."

बायडाबाईने वाकून त्या गोल आकड्यावर बोट ठेवलं. रागावली असती तर सुनेत्राला बरं वाटलं असतं.

"तसंच असतंय, बाई," ती म्हणाली. "अंगठा आदी घेत्यात. कागद मागनं वाचत्यात."

आणि ती परत दाराशी जाऊन बसली.