बिनचष्म्याचा नवरदेव

अपेक्षा पोहे घेऊन बाहेर आली आणि निरंजनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. बैठकीत सगळे त्याच्याकडे बघू लागले. मुलगी बघून रडणारा मुलगा भुकूम गावानं अजून पाहिला नव्हता.

गोष्ट साधी होती. निरंजन हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला, नेऱ्याला खोली घेऊन राहायचा. चष्मा इतका जाड, की आजवरच्या मुलींनी पोहे खिलवले आणि नकार कळवला. वैतागून त्यानं डोळ्यांना लेसर करून घेतलं. डॉक्टरांनी धोके आधीच सांगितले होते. डोळे कोरडे पडतील, चुरचुरतील, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील, नशीब फुटकं असेल तर चष्माही परत लागेल. यानं सगळ्याला मान डोलावली. आता सारखे औषधाचे थेंब टाकावे लागत. आजही हात धुण्याच्या निमित्तानं मागच्या अंगणात जाऊन त्यानं घाईघाईत जरा जास्तच ओतले. पण हे सांगायची सोय नव्हती. त्याच्या आईनं, रजनीताईंनी, बजावलं होतं की ऑपरेशनचं नाव काढायचं नाही, लोक लगेच आंधळा ठरवतात.

अपेक्षाचीही गडबड उडालेली दिसत होती. तिनं पोह्यांची बशी निरंजनऐवजी त्याच्या टकल्या मामांपुढे धरली. वाकून नमस्कार केला तो रजनीताईंच्या शेजारच्या लोडाला. पोर लाजाळू आहे म्हणून रजनीताई खूश. निरंजन तर पुरता विरघळला होता. हीच पाहिजे, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. अपेक्षानं मात्र एकदा मामांकडे पाहिलं आणि आजीला हळूच मानेनं नको म्हटलं.

आजी, म्हणजे सगुणाबाई, कमरेची फुगलेली पानसुपारीची चंची धरून सगळं बघत होती. पोराचं मन दुसरीकडं गुंतलंय, हे तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"लेकरा, तुला बळंच आणलंय व्हय? रडू नगं. न्हाई द्यायाची आमाला पोरगी," असं म्हणून ती उठायलाच लागली.

निरंजनचा धीर सुटला. आईकडे न बघता त्यानं खिशातली थेंबांची बाटली काढून आजीपुढे धरली. "आजी, मी रडत नाहीये. हे औषध आहे. मला सोडाबाटलीच्या बुडासारखा चष्मा होता, तो लेसर करून घालवला. तुम्ही नाही म्हणू नये म्हणून लपवलं. मला अपेक्षा पसंत आहे."

रजनीताईंनी कपाळाला हात लावला. मामांचा घास तोंडातच राहिला. सगुणाबाईनं चंची तेवढी आणखी घट्ट धरली.

अपेक्षा मात्र आवाजाच्या दिशेनं गर्रकन वळली. डोळे बारीक करकरून तिनं निरंजनकडे पाहायचा प्रयत्न केला, मग वैतागून आजीपुढे हात पसरला.

"आज्जे, चंचीत लपवलेला माझा चष्मा दे आधी. मघापासून मी त्या टकल्यालाच मुलगा समजतेय."