देवाची गाठ

कोर्टाने समलिंगी लग्नांना मान्यता नाकारली, त्यानंतरच्या रविवारी मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर अंतोनने रत्नागिरीत चर्चच्या आवारात पेढे वाटले. "देवाचा नियम राहिला," असं तो ज्याला त्याला सांगत होता. मग नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या रोझलिनला, आपल्या मुलीला, म्हणाला, "उद्या सावर्ड्याला परत जा. देवाने बांधलेली गाठ अशी सोडायची नसते."

रोझलिनने गळ्यावरचे वळ ओढणीने झाकले. "मी ठाण्याला नेल्सनदादाकडे चाललेय."

पुरुषाबरोबर संसार करतो म्हणून नेल्सनला, आपल्या थोरल्या मुलाला, अंतोननेच घराबाहेर काढलं होतं.

"त्या दोघांच्या घरात राहणार? किळस नाही येत?"

"येते ना, पप्पा. नवऱ्याचा हात अंगाला लागला की येते. आज तुमचीही आली."