वरून ओतलेलं पाणी

“पानी दे रे पोरा, घसा सुकला,” वल्हं आवरत हिरू म्हणाला.

खोताच्या वेठीतून पळालेला हिरू कातकरी आणि बापाच्या चाबकाला भिऊन घर सोडलेला हा मुलगा एकाच होडीतून खाडी उतरत होते. आपण कोळ्याचं अनाथ पोर, अशी थाप मुलानं बेधडक मारली होती. शेंडी तर त्यानं वाटेतच कापली होती. सकाळी भोवऱ्यात गटांगळ्या खाताना हिरूनंच त्याला बखोटीला धरून वर ओढलं होतं.

मुलगा तांब्या घेऊन उठला आणि हिरूच्या ओंजळीत त्यानं हातभर उंचीवरून धार सोडली.

हिरू पोटभर प्याला, तोंड पुसून म्हणाला, “तू बी खोताच्या जातीचाच ना?”

“कुणी सांगितलं?”

“कोळ्याचं पोर तांब्या हातात देतं, बाबा. वरनं वततात ती तुमची मान्सं. आता धरून देशील मला?”

मुलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेंडी कापली, पण हात घरचेच राहिले होते.

“नाही, देवाशपथ!” त्यानं तांब्या पुढे केला. “घ्या, हिरूकाका. तोंड लावून प्या.”

हिरूनं एक घोट घेतला आणि तांब्या परत दिला. “आता तू.”

नुसतं पाणीच तर होतं. पण ओठांशी नेताना मुलाचा हात अडखळलाच. हिरूनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून हळूच खाडीकडे तोंड फिरवलं.

ही माया मुलाला चाबकाहून झोंबली. तांब्याला तोंड लावून तो तळापर्यंत प्याला.