नव्व्याण्णव दिवस

पावणेदहाला कॉफी आली आणि कुजा कोणीच उचलला नाही.

टेबलाभोवती पाच जण उभे होते. पाच रिकामे टंबलर, मध्ये कॉफीचा तो पितळी कुजा, चोचीचं भांडं. औषधं पुरवणाऱ्या कंपनीच्या तंजावूर कचेरीतला हा कंप्युटर विभाग. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेली मराठी, आणि इथे कॉफीची एक रीत होती. काल ज्याच्या हातून काही बिघडलं असेल त्यानं आज सगळ्यांना ओतायची, आणि ओतता ओतता काय झालं ते सांगायचं. ऐकणाऱ्यांनी ‘कोण’ विचारायचं नाही. कुजा कोणाच्या हातात आहे ते दिसतंच. फक्त ‘कसं’ विचारायचं, आणि टंबलर रिकामे व्हायच्या आत एक तरी गोष्ट बदलायची ठरवायची. काहीच बिघडलं नसेल त्या दिवशी विभागप्रमुख ओतत.

विभागप्रमुख व्यंकटरमण आज हात मागे बांधून उभे होते.

काल बिघडलं होतं. इन्सुलिनच्या थंड खोलीचं तापमान आठ अंशांवर गेलं की तिघांच्या फोनवर इशारा जातो. काल दुपारी तापमान चढूनही बेचाळीस मिनिटं तो गेला नाही. गोदामातली भुवना खोकं आणायला आत शिरली आणि तिला थंडी वाजली नाही, म्हणून कळलं. माल वाचला. इशारा कोणीतरी हातानं थांबवला होता आणि परत सुरू करायचा राहून गेला होता, एवढंच नोंदीत दिसत होतं. पासवर्ड पाचही जणांचा एकच.

“अण्णा,” राजगोपाल व्यंकटरमणांना म्हणाला. विभागात त्याला वीस वर्षं झाली होती आणि गप्प राहणं त्याला एक दिवसही जमलं नव्हतं. “आमी काय ह्या कुज्याच्या दर्शनाला आलोय? कापूर आणू काय?”

कोणी तरी भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर चेन्नईहून आलेला फलक होता. गेल्या वर्षी कंपनी विकली गेली, तेव्हा नव्या मालकांनी ‘सतत सुधारणा’ नावाचा कार्यक्रम पाठवला, त्यातलाच हा. चूक नोंदवली की करणाऱ्याचं नाव तांबडं होई आणि आकडा शून्यावर येई. कालचं अजून कोणी नोंदवलं नव्हतं, म्हणून आत्ता तो हिरवागार होता : चुकीविना ९९ दिवस. दहा वाजता चेन्नईचे साहेब हरिप्रसाद फोनवरून शंभरावा जाहीर करणार होते. केक आणून ठेवला होता.

हे नव्व्याण्णव दिवस कॉफी व्यंकटरमणच ओतत होते.

विभागातली अजून कायम न झालेली कीर्तना टंबलरच्या काठाकडे बघत होती. नोकरीत कायम होणाऱ्यांची यादी सोमवारी निघणार होती. इशाऱ्याची नवी आवृत्ती तपासायचं काम काल तिच्याकडे होतं, हे व्यंकटरमणांना ठाऊक होतं. पण इशारा परत सुरू करायला ती कशी विसरली, कुठल्या पायरीवर, ते तिलाच ठाऊक. ते कळलं नाही तर पुन्हा तेच होणार, आणि दर वेळी भुवना आत शिरेलच असं नाही.

व्यंकटरमणांना आपला पहिला कुजा आठवला. चोविसाव्या वर्षी त्यांनी एकट्यानं मुख्य मशीन बंद केलं होतं आणि अख्खी सकाळ एकाही रुग्णालयाला औषध गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओतताना निम्मी कॉफी टेबलावर गेली. तेव्हाचे प्रमुख सीतारामराव यांनी ती आपल्या पंच्यानं पुसली आणि एवढंच विचारलं, “कसं झालं रे?” मग त्यांनी एक चिठ्ठी लिहून मशीनवर चिकटवली. मराठी वाक्य, तमिळ अक्षरांत, कारण विभागात देवनागरी कोणालाच धड वाचता येत नव्हती. ‘एकट्यानं काही बंद करायचं नाही.’ मशीनं बदलत गेली, चिठ्ठी नव्या मशीनवर जात राहिली.

तीन महिन्यांपूर्वी ती चिठ्ठी आणि तिच्यातला नियम, दोन्ही व्यंकटरमणांनीच काढले. दुसऱ्याची संमती घेण्यात वेळ जातो, असं चेन्नईच्या अहवालात आलं होतं.

त्यांनी कुजा उचलला.

“घ्या! शंभरावी पण अण्णांचीच,” राजगोपाल म्हणाला.

“आज रीतीप्रमाणे ओततोय,” व्यंकटरमण म्हणाले. “इशारा एकट्याला थांबवता आला, कारण दुसऱ्याच्या संमतीचा नियम मी काढून टाकला. विचारा, कसं.”

धार टंबलरात पडत राहिली.

“कसं, सर?” कीर्तनानं विचारलं.

“फलक हिरवा बघायची सवय लागली, बाळ. पूर्वी ह्या टेबलावर आठवड्याला दोन गोष्टी बदलायच्या. नव्व्याण्णव दिवसांत एकही बदलली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.”

दोन टंबलर भरल्यावर ते थांबले. कुजा त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवला.

“माझी चूक इथवरच. पुढची ज्याची त्यानं ओतायची.”

दहाला दोन मिनिटं असताना चेन्नईचा फोन वाजला. राजगोपालनं उचलला आणि तमिळमध्ये सांगितलं, “एक मिनिट, सर. कॉफी चाललीय.” फोन त्यानं छातीशी धरला.

“मामा,” कीर्तना म्हणाली. घरी ती त्यांना मामा म्हणे. कचेरीत आजवर कधी म्हणाली नव्हती. “मशीनवरची ती चिठ्ठी फेकली काय तुमी?”

व्यंकटरमणांनी खिशातून पाकीट काढलं. चिठ्ठीची घडी पिवळी पडली होती, एका कोपऱ्याला कॉफीचा डाग होता. तिनं ती पुसट अक्षरं लावत वाचली, टेबलावर ठेवली आणि कुज्याला हात लावला.

दहाचा ठोका पडला तेव्हा कुजा जागीच होता, तिचा हात कुज्यावर होता, तीन टंबलर रिकामे होते आणि फलक अजून हिरवा होता.