प्रलंबित दावा

"छापा," बाबा म्हणाले. "दावा आहे तर आहे. लपवायचं काय त्यात?"

सल्लागारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लपवा असं कोण म्हणतंय, साहेब? कंपनी शेअर बाजारात न्यायची तर चालू असलेले दावे लोकांपुढे मांडावेच लागतात. मी म्हणतोय, हा आधी मिटवून टाका. कुलपांचा अर्धा कारखाना माझा, असं तुमचा सख्खा भाऊ कोर्टात म्हणतोय. हे वाचून कोण पैसे लावेल? भाव पडेल."

"पडू दे."

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरा कारखाना काढायचा, हा तिचा ध्यास होता. जागा बघून झाली होती, यंत्रं ठरली होती. भाव पडला की सगळं पाण्यात.

"बाबा, मोठ्या काकांशी एकदा बोला ना. देऊन टाकू त्यांचं काय ते."

"जीव गेला तरी मिटवणार नाही."

हट्टी म्हणजे किती हट्टी! बरं, वकिलांवर सोडून मोकळं व्हावं, तर तेही नाही. प्रत्येक तारखेला स्वतः जायचे, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. कारखान्याला आग लागली असती तरी तारीख चुकवली नसती. वैर कसं निभवावं ते साहेबांकडून शिकावं, असं कामगार चेष्टेनं म्हणत.

घरात आईपुढे तर विषय काढायची सोय नव्हती. आजीच्या शिवणयंत्रावरून आई आणि काकू यांच्यात एकदा जे वाजलं, तेव्हापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद. "त्या माणसाच्या घराची पायरी चढलात तर माझं मेलेलं तोंड बघाल," असं आईने बाबांना बजावलं होतं. वर त्यांचा फोनही तपासायची. तिकडे काकूही काही कमी नव्हती.

मग लेकीनेच कंबर कसली. काकांचं किल्ल्या बनवायचं दुकान तिने गाठलं.

"काका, अर्धा हिस्सा घ्या. बाबांना मी पटवते. दावा तेवढा मागे घ्या."

काकांच्या हातातली कानस थांबली. चेहरा पांढराफटक पडला. "अख्खा कारखाना दिलास तरी नाही."

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"काय ते कोर्टात बघू," म्हणत त्यांनी पुन्हा किल्ली घासायला घेतली.

दोघे एकाच आईचे, शोभतात खरे! रस्त्यात तिला रडू कोसळलं. पण मागे हटेल तर ती याच घरातली कसली? तिने ठरवलं, येत्या तारखेला सरळ न्यायाधीशांपुढे उभं राहायचं आणि दोघांपुढे हात जोडायचे. चारचौघांत शोभा झाली तरी बेहत्तर.

तारखेच्या दिवशी ती कोर्टात पोचली तेव्हा पुकारा व्हायचा होता. दोन्ही वकील एकाच बाकावर पेंगत होते. बाबा नव्हते. काकाही नव्हते. हातघाईवर आले की काय?

शिपायाने मागच्या जिन्याकडे बोट दाखवलं. ती धावतच सुटली.

जिन्याखाली एक बाकडं होतं. काका त्यावर आडवे झाले होते, डोकं बाबांच्या मांडीवर. बाबा त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते.

"हलू नकोस ना, दादा."

"अरे, पण आज न्यायाधीश निकाल लावायच्या तयारीने आलेत म्हणे," काका कळवळून म्हणाले. "पुढची तारीख मिळायची कशी आपल्याला?"

"तू कशाला काळजी करतोस? मागच्या वेळी तुझी कंबर धरली होती. आज माझ्या पोटात दुखेल."