खळीचा डबा

बहात्तर वळणं चढून माझी बस दर मंगळवारी पिंडस डोंगरातल्या त्या गावात पोचायची, तेव्हा आर्गिरो मावशी खळीचा डबा घेऊन चर्चसमोरच्या खांबापाशी उभी असायची. गावातले म्हातारे खाली यानिना शहरातल्या इस्पितळात मरायचे आणि कोण गेलं, अंत्यविधी कधी, हे गावाला कळवणारे छापील कागद माझ्याच बसने वर यायचे. ते खांबावर चिकटवायचं काम मावशीचं. “माझा आणलास का रे मेल्या?” ती विचारायची. “तुझा छापायला अजून वेळ आहे, मावशी. आज नुसता पाव.” शेवटी गावात ती एकटीच उरली. गेल्या मंगळवारी इस्पितळात न्यायला तिला उचलून बसमध्ये बसवलं, तेव्हा कण्हत म्हणाली, “डबा दाराआड ठेवलाय. उंच लावू नकोस, लोकांना वाचता यायला हवं.” आज मी तिचा कागद तिच्याच उंचीवर चिकटवला. मग पूर्वी कागद वाचायला लोक उभे राहायचे तिथे जाऊन उभा राहिलो आणि तो सगळा मोठ्याने वाचला.